बेचाळिसावा खडा

फार जुनी गोष्ट आहे. पण इतकीही जुनी नाही, की ऐकताना कोणाला लाज वाटू नये.

एका गावात एक शाळा होती. एकच लांबलचक खोली, वर कौलं, पुढे दार, मागे मातीची भिंत, आणि अंगणातल्या लिंबाला टांगलेली पितळी घंटा. या शाळेची एक रीत होती. सकाळी गुरुजी हजेरीचं बाड उघडत. नाव पुकारलं, की मुलानं ताठ उभं राहायचं आणि पारापर्यंत ऐकू जाईल असं ‘हजर’ म्हणायचं. म्हटलं, तर पोर आलं. नाही म्हटलं, तर पोर आलंच नाही. मग ते गुरुजींच्या पुढ्यात मांडी घालून का बसलेलं असेना. वर्षभर ज्याची हजेरी लागली नाही त्याचं नाव वर्षाअखेरीस कटायचं. गावाला या रीतीचं फार कौतुक. बायका भांडी घासता घासता कान देऊन म्हणायच्या, “आमच्या दगडूचा आवाज बघा कसा खणखणतो!”

त्याच गावात एक कुंभारीण राहायची. नवरा गेल्यावर ती स्वतः चाकावर बसली. बाईमाणसानं चाकावर बसू नये म्हणून भावकीनं तोंड वाकडं केलं, तर म्हणाली, “तोंड तुमचं, चाक माझं.” तिला सहा वर्षांची एक मुलगी होती. तिचं नाव आवडी.

आवडी बोलत नसे. हाक मारली तर बघत नसे. कोणी अचानक हात लावला तर किंचाळे, आणि मोठा आवाज झाला की दोन्ही कानांवर हात दाबून जागच्या जागी डुलत राही. गावानं तिला नजर लागली म्हटलं, बाहेरची बाधा म्हटलं, शेवटी कंटाळून वेडी म्हटलं. आई मात्र तिच्याजवळ बसून बघायची. बघणं फुकट असतं, तरी गावात ते कोणी करत नव्हतं. आईला दिसलं ते असं: पोरीला नदीतल्या खड्यांचा नाद आहे. ओच्यात भरून आणते, ओळीनं मांडते, आणि ओळीत एक खडा इकडचा तिकडे झाला तरी तिला कळतं.

कुंभारणीनं तिला शाळेत घातलं.

“शिकून काय करणार ही?” पाटलांनी विचारलं.

“तुमची शिकून काय करतात, पाटील? पारावर बसून तंबाखूच मळतात ना? ही निदान तंबाखू तरी खात नाही.”

पहिल्या दिवशी गुरुजींनी आवडीला पार मागच्या कोपऱ्यात, भिंतीपाशी बसवलं. “इतरांना त्रास नको,” म्हणाले. मग बाड उघडलं आणि नावं पुकारायला लागले. कुंभारीण दारात उभी होती. तिनं पाहिलं, एकेक नाव येतंय आणि आवडी एकेक खडा जमिनीवर मांडतेय. एक्केचाळीस नावं, एक्केचाळीस काळे खडे. शेवटी गुरुजींनी पुकारलं, “आवडी.” पोरीनं ओच्यातून एक पांढरा खडा काढला, ओळीच्या टोकाला ठेवला आणि गुरुजींकडे पाहिलं, म्हणजे गुरुजींच्या पागोट्याकडे.

“गैरहजर,” म्हणत गुरुजींनी फुली मारली.

“गुरुजी, तिनं ओ दिली!” कुंभारीण दारातून म्हणाली.

“मला नाही ऐकू आली.”

“ऐकायची नाही ती, बघायची आहे. तो पांढरा खडा बघा.”

“बाई, हजेरी तोंडानं द्यायची असते.”

“तोंडातून शब्द निघत नाही म्हणून तर शाळेत आणली. सगळं येत असतं, तर घरीच चाकावर बसवली असती.”

पुढच्या रांगेतली सुताराची वच्छी उठून म्हणाली, “गुरुजी, आवडी आलीय. ती बघा तिथं.”

“तुझं नाव आवडी आहे का?” गुरुजींनी विचारलं. “नाही ना? मग दुसऱ्याच्या नावाला तोंड उघडायचं नाही. हात पुढे कर.” आणि वच्छीच्या तळहातावर दोन छड्या पडल्या. वच्छी शहाणी पोर. धडा एकदाच शिकली.

गुरुजी कुंभारणीकडे वळले. “आज एकीला खडा ठेवू दिला, तर उद्या सगळीच ठेवतील.”

“मग ठेवू द्या की! खड्यानं काय आभाळ कोसळणार आहे?”

पोरं खदाखदा हसली. गुरुजी हसले नाहीत. हसणाऱ्या पोरांदेखत एका कुंभारणीचं ऐकायचं, हे त्यांच्या घशाखाली उतरेना. खरी अडचण तिथं होती. नियम बिचारा नंतर पुढे झाला.

कुंभारीण गप्प बसणारी नव्हती. तिनं घरी जाऊन एक सुरेख परळ घडवलं, उथळ, रुंद तोंडाचं, काठावर बोटाची नक्षी. भाजून, फुंकर मारून, पदरानं पुसून शाळेत नेलं. “हे दारात ठेवा. माझी लेक रोज यात खडा टाकेल. तुम्ही मोजा. एवढंच करा.”

गुरुजींनी परळ ठेवून घेतलं. पाण्याच्या रांजणावर झाकण म्हणून ते बरोब्बर बसलं.

मग ती पाटलांकडे गेली. पाटील म्हणाले, “तुझं म्हणणं पटतं गं मला. पण गुरुजींच्या कामात मी कसा बोलू?” ती चावडीवर गेली. पंच म्हणाले, “बरोबर आहे तुझं. पण एकीसाठी रीत मोडायची का?” सगळ्यांना तिचं पटत होतं. पटण्याला काही लागत नाही, बसल्या जागी पटतं.

शेवटी दरबारातून शाळा तपासायला कारभारी आले. तक्क्याला टेकून त्यांनी सगळं ऐकून घेतलं, दोनदा मानही हलवली आणि निवाडा दिला: “मुलीला वर्गात बसायला मनाई करू नये. मात्र हजेरीचा नियम आहे तसाच राहील.”

गाव म्हणालं, वा! किती मोठ्या मनाचा माणूस.

“म्हणजे लेक माझी बसणार, आणि कागदावर नसणार?” कुंभारणीनं विचारलं.

“बसू तर देतायत ना?” बायकांनी तिलाच झापलं. “आणखी काय हवंय तुला? सारखं आपलं भांडण!”

कुंभारीण निघाली. जाता जाता तिनं सवयीनं शाळेच्या मागच्या भिंतीला तळहात लावला. जन्मभर मातीत हात असलेली बाई. लगेच परत फिरली. “गुरुजी, भिंतीला पोट सुटलंय. आत ओल गेलीय. पोरांना पुढे बसवा.”

“आता भिंतीचंही तूच सांगणार का?” गुरुजी म्हणाले.

त्या वर्षी नवरात्र सरलं तरी पाऊस हटेना. रोज सकाळी कुंभारीण लेकीला शाळेच्या दारात सोडायची. रोज आवडी बेचाळीस खडे मांडायची. रोज गुरुजी फुली मारायचे. नाव कटायला आता चारच महिने उरले होते, आणि कुंभारीण चावडीच्या पायऱ्या झिजवतच होती.

एके दिवशी दुपारी मागच्या भिंतीतून माती भुरभुरायला लागली. मग वासा करकरला. गुरुजी धावले. खोटं कशाला बोला, त्या वेळी त्यांनी हयगय केली नाही. पोरांना हाताला धरधरून अंगणात काढलं. कोणीतरी घंटा बडवायला लागलं. गाव गोळा झालं. गुरुजी पुन्हा आत जायला निघाले, दारापर्यंत गेलेही, पण थांबले. काखेत बाड होतं. बाड असताना अंदाजानं कशाला शोधायचं? त्यांनी ते पावसात उघडलं आणि सकाळी हजर असलेल्यांची नावं पुकारली. प्रत्येक पोरानं चिखलात ताठ उभं राहून ‘हजर’ म्हटलं. एक्केचाळीस नावं, एक्केचाळीस आवाज.

“सगळी आली!” गुरुजी म्हणाले. “एकही राहिलं नाही!” लोकांनी हात जोडले. पाटलांच्या डोळ्यांत पाणी आलं.

वच्छीनं तोंड उघडलं. मग आपल्या तळहाताकडे पाहिलं आणि मिटलं.

तेवढ्यात कुंभारीण मातीच्या हातांनी धावत आली. “माझी आवडी कुठाय?”

गुरुजींनी बाडात पाहिलं. अगदी सवयीनं पाहिलं. आणि म्हणाले, “ती आज आलेली नाही.”

“सकाळी तुमच्या दारात सोडून गेले मी!”

गुरुजींचं बोट त्या फुलीवरच राहिलं. त्यांचा चेहरा हळूहळू कागदासारखा पांढरा झाला. कुंभारीण तो बघायला थांबली नाही.

आत मागच्या कोपऱ्यात आवडी कान दाबून, डोळे मिटून डुलत होती. समोर खड्यांची ओळ. बाहेर घंटा घणघणत होती आणि प्रत्येक ठोक्याला पोर आणखी भिंतीला चिकटत होती. अशी असताना तिला ओढलं तर ती हातापायांनी भिंतच धरून ठेवणार, हे आईला ठाऊक होतं. “घंटा थांबवा!” ती ओरडली. “अरे, ती घंटा थांबवा!”

बाहेर कोणाला कळेना. घंटा संकटात वाजवायची असते, थांबवायची कशी? तेव्हा वच्छी पळत गेली आणि दोन्ही हातांनी घंटेला लोंबकळली. आवाज तुटला.

कुंभारणीनं लेकीजवळ बसून चाकासारखा घुर्र घुर्र आवाज काढला, रोज निजवताना काढायची तसा. आवडीनं डोळे उघडले. पांढरा खडा मुठीत घेतला आणि स्वतःहून आईच्या गळ्यात हात टाकले. दोघी दाराशी पोचल्या आणि भिंत बसली. वरून आलेला वासा पोरीच्या डोक्यावर यायचा, तो आईनं उजव्या हातावर घेतला.

पोरीला खरचटलंही नाही. आईचा हात मनगटात मोडला. हाडवैद्यानं बांधला, पण मूठ पुन्हा मिटली नाही. ज्या हातानं ते परळ घडवलं होतं, त्या हातानं पुढे साधी पणती झाली नाही.

मग काय, गावाला एकदम जाग आली. शाळा नवी बांधली, दगडाची. रांजणावरचं परळ धुऊन पुसून, हळदकुंकू लावून दारात मांडलं. आता सगळी पोरं आत जाताना त्यात खडा टाकायला लागली. आभाळ काही कोसळलं नाही. कारभारी पुन्हा आले, ही नवी रीत पाहून खूष झाले आणि ती सुचल्याबद्दल त्यांनी गुरुजींना शाल दिली. भाषणं झाली. कुंभारणीला कोणी बोलावलं नाही. हात गळ्यात बांधलेला, उगाच समारंभात अपशकुन नको, म्हणे.

आवडी मात्र शाळेच्या वाटेला पाऊल टाकेना. लिंबाचं झाड लांबून दिसलं तरी कान दाबून मागे पळायची.

पाटील कुंभारणीच्या अंगणात आले. “आता तरी पाठव की गं पोरीला. तुझं म्हणणं ऐकलं ना आम्ही?”

ती डाव्या हातानं माती भिजवत होती. मान वर न करता म्हणाली, “ऐकलं, पाटील. पण मी बोलत होते तेव्हा भिंत उभी होती.”

“झालं गेलं विसरावं माणसानं.”

“मी विसरेन हो. तिला तेवढं समजावून सांगा. जा, तिच्याजवळ बसा. बोलत नाही ती, बघावं लागतं.”

पाटलांना घाईचं काम आठवलं.

वर्षाअखेरीस गुरुजींनी आवडीचं नाव कापलं. वर्षभराच्या फुल्या होत्या, त्यांना तरी काय इलाज?

अजून त्या शाळेत वच्छी रोज सकाळी परळात दोन खडे टाकते. एक काळा, एक पांढरा. कोणी विचारलं तर बोलत नाही. गुरुजी खडे मोजतात, बेचाळीस भरतात. बाडात नावं एक्केचाळीसच. मग ते पांढरा खडा दोन बोटांनी उचलतात आणि अंगणात फेकून देतात. नियम म्हणजे नियम.

तात्पर्य एवढंच, आणि ते लेकरांसाठी नाही, मोठ्यांसाठी आहे: ज्या लेकराला तुम्ही मोजत नाही, त्याला शोधायला तुम्ही मागे फिरतही नाही, म्हणून मोजायची रीत बदलायची असेल, तर ती भिंत उभी असताना बदला, आणि जिच्यासाठी बदलली तिचा खडा फेकू नका.