शेणाच्या टोप्यांचा गुलाब

डोंगराच्या कुशीतल्या एका गावात पौषात अशी थंडी पडे, की सकाळी कोबीच्या पानांवर कुणी पिठीसाखर सांडून गेल्यासारखं दिसे. त्या गावात सुंदी नावाची एक पोर होती. तिची आई पावसाळ्यात गेली. तेव्हापासून ती भीमाकाकूकडे राहायची आणि परसातली कामं तिच्याच इवल्या हातांनी व्हायची. मुळा खुरपायचा, वाफ्यांत पालापाचोळा पसरायचा, पहाटे उठून धूर करायचा, म्हणजे भाजी गारठ्यानं करपत नाही.

परसाच्या कोपऱ्यात आईचा लाल गुलाब होता. थंडी सुरू झाली की आई तो गुडघ्याएवढा छाटायची आणि कापलेल्या टोकांना शेण लावायची. यंदा सुंदीनं छाटला. पण कितीतरी दिवस झाले, तरी शेणाच्या टोप्या घातलेल्या काळ्या काड्या तशाच उभ्या.

"झाड होतं, त्याचं सरपण केलंस," काकू म्हणाली. "उद्या उपटते. कांद्याचं रोप लावू तिथं."

"नाही उपटायचं."

"अगं, मेलंय ते!"

"मेलं नाही. झोपलंय."

काकूनं कपाळावर हात मारला. "कुणावर गेलीय ही पोर!"

कुणावर, ते दोघींनाही ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता सुंदी परसात आली. आज गारठा वेगळाच होता. काटक्या दवानं भिजल्या होत्या, धूर काही धरेना. तेवढ्यात कोबीच्या पानावर काहीतरी लुकलुकलं. बोटभर उंचीची एक परी! मोरपंखी झगा, चांदीचे चिमुकले पंख, आणि ते पंख गोठून पानाला चिकटलेले.

सुंदीनं ओंजळ धरली आणि हळूहळू ऊन श्वास सोडला. पंख थरथरले, सुटले.

"एक इच्छा माग," परी म्हणाली. "सूर्य डोंगरावर यायच्या आत. पण गेलेलं माणूस परत मागायचं नाही."

"का?"

"नियम आहे."

"वाईट नियम आहे."

"वाईटच आहे," परी म्हणाली. "दुसरं काही माग. तो गुलाब फुलवू? आत्ता, या क्षणी? मात्र माझ्या जादूनं फुललेलं झाड एकदाच फुलतं. मग कधीच नाही."

सुंदीनं काड्यांकडे पाहिलं. आत्ता फुलला, तर काकू उपटणार नाही.

"नको," ती म्हणाली. "तो त्याचा त्याचा फुलेल. तू त्या वाफ्यातला वाटाणा वाचव. बघ, त्याची फुलं गोठायला लागलीत."

"काकूचा वाटाणा? ती तर तुझं झाड उपटणार आहे!"

"त्यात वाटाण्यानं काय केलंय? आणि वाटाणा तसाही एकदाच येतो. तुझा नियम त्याला चालेल."

परी खुदकन हसली. "माझ्या नियमातून वाट काढणारी तू पहिलीच गं!" तिनं पंख झटकले. वाफ्यावरून सोनेरी ऊब झुळझुळत गेली आणि वाटाण्याची पांढरी फुलं टवटवीत झाली.

तोच काकू कुदळ घेऊन आली. शेजारच्या परसातला वाटाणा काळा पडला होता, आपला हिरवागार! ती क्षणभर थबकली. पण ठरवलेलं काम ती सोडणारी नव्हती.

"सुंदे, बाजूला हो."

सुंदी गुलाबापुढे उभी राहिली. ती जागची हलली नाही. "आधी मला उपट."

"माझ्यापाशी जादू उरली नाही," परी तिच्या कानाशी कुजबुजली, "पण उजेड आहे." आणि काडीजवळ जाऊन ती लख्ख उजळली, गुलाबी, केशरी, सोनेरी. त्या उजेडात ती विरून गेली.

काकूला वाटलं, ऊन आलं. डोळ्यांवर हात धरून ती वाकली. शेणाच्या टोपीखाली, काळ्या सालीतून, नव्या कोंबाचा एक लालचुटुक डोळा बाहेर आला होता. तांदळाच्या दाण्याएवढा.

काकू बराच वेळ वाकलेलीच राहिली. मग तिनं कुदळ खाली ठेवली.

"कांदा कुंपणाकडे लावू," ती म्हणाली. "आणि शेण उरलंय का गं? माझ्या दारातल्या गुलाबाचीही छाटणी राहिलीय. मला दाखव, तुझी आई कशी करायची."

फाल्गुनात त्या झाडावर फुलं आली. पुढच्या फाल्गुनातही आली. त्याच्या पुढच्याही.