दयाळ तर वाचणारच!

“माझा अंदाज आजवर एकदाही चुकलेला नाही,” असं ते म्हातारं वानर छाती फुगवून सांगे, आणि लगेच डोळा मिचकावून म्हणे, “कारण चुकला की तो माझा नव्हताच, असं मीच सांगून टाकतो!” तळ्याकाठच्या जंगलात एका उंबरावर त्याचा मुक्काम असे. दात पडले होते, गुडघे कुरकुरत होते, खोड्या मात्र शाबूत होत्या. रोज सकाळी दयाळ पक्ष्याची शीळ कानावर पडली, की स्वारी खूश. ज्या दिवशी ती ऐकू येत नसे, त्या दिवशी वानर उंबरंसुद्धा टाकून देई.

त्या साली जंगलात ‘टिकून दाखवा’ नावाची स्पर्धा लागली. नऊ जण तळ्यातल्या बेटावर उतरले. दर आठ दिवसांनी काठावरच्या प्रत्येकाने आपल्या आवडत्याच्या नावाच्या ढोलीत एक पान टाकायचं. ज्याची पानं सर्वांत कमी, तो बाहेर. आणि बाहेर म्हणजे थेट डोंगरापलीकडे, वर्षभर परत यायचं नाही! सहा जण गेले. मोर, बेडूक आणि दयाळ उरले. आणि काठावरची मंडळी म्हणाल, तर मुलांनो, अगदी तुमच्या घरी टीव्हीपुढे बसतात तशीच. स्वतःला डबकं ओलांडता येत नाही, पण बेटावरच्यांनी कसं पोहावं ते सगळ्यांना पाठ! “मोर नुसता पिसारा दाखवून पुढे आलाय,” रानडुक्कर म्हणे. “आणि बेडूक? तो तर कुणाच्या अध्यात ना मध्यात, म्हणून टिकला,” ससा म्हणे. दयाळबद्दल मात्र वाद नव्हता. तो सगळ्यांचाच लाडका.

इथेच वानराच्या डोक्यात डाव शिजला. त्याने सशाला बाजूला घेतलं. “हे बघ, दयाळ तर वाचणारच. त्याला पानांचा ढीग पडेल, त्यात तुझं एक कशाला? तू पान टाक बेडकाला. म्हणजे मोर जाईल. मग शेवटच्या फेरीत समोर बेडूक! डरांव डरांवपुढे दयाळ हरेल का? पण कुणाला बोलू नकोस हं.” ससा खूश झाला. वानराने हेच गुपित रानडुकराला सांगितलं, हरणाला सांगितलं, साळिंदरालाही सांगितलं. प्रत्येकाने ते आपापल्या घरी नेलं, आणि प्रत्येकाला वाटलं, एवढी हुशारी करणारे आपण एकटेच.

खारीलाही त्याने गाठलंच. ती म्हणाली, “आजोबा, तुमचं गणित माझ्या डोक्यावरून गेलं. मला दयाळ आवडतो, मी पान दयाळलाच टाकणार.”

“अगं वेडे, फुकट जाईल ते!” वानर खो खो हसलं.

दुसऱ्या दिवशी पानं मोजणाऱ्या कासवाने ढोल्या उघडल्या. बेडकाच्या ढोलीतून पानं बाहेर सांडत होती. मोराच्या ढोलीत त्याच्या भाऊबंदांची अकरा पानं निघाली. दयाळच्या ढोलीत कासवाने मान घातली, पुन्हा घातली, आणि एक पान बाहेर काढलं. काठावर कुणी कुणाकडे बघेना. वानराचं तोंड तर असं झालं, जसं पिकलं उंबर म्हणून खडाच तोंडात टाकला.

दयाळ काही रडला नाही. “डोंगरापलीकडेही झाडं असतीलच की,” म्हणत त्याने पंख झटकले आणि सगळ्यांचा निरोप घ्यायला तो काठावर आला. वानराला राहवेना. ते पुढे झालं, घसा खाकरला आणि म्हणालं, “लेका, वाईट वाटून घेऊ नकोस. या अख्ख्या जंगलात तुझा सर्वांत मोठा चाहता मीच!” मागे खार शेपटीत तोंड लपवून हसत होती.

“हो ना आजोबा,” दयाळ म्हणाला, “एकच तर पान होतं माझ्या ढोलीत. तेव्हाच ओळखलं, ते तुमचंच असणार!”

तात्पर्य : ‘आपल्या आवडत्याला कुणीतरी साथ देईलच’ असं म्हणून जो डाव खेळत बसतो, त्याने ध्यानात ठेवावं, की तो ‘कुणीतरी’ आपणच असतो.