मी सांगितलं होतं

"मग सांगा ना, रूबेनबाबा, देवाने दिलेला एक तरी इशारा फुकट गेला का?"

शालोम विचारत होता, पण उत्तर त्याला पाठच होतं. जलप्रलय आला. सदोम शहर जळलं. फारो अडून बसला, त्याचा थोरला मुलगा गेला. यरुशलेममध्ये संदेष्टे घसा कोरडा होईतो सांगत राहिले, कोणी ऐकलं नाही, शहराची राखरांगोळी झाली. त्याने सगळं एका दमात म्हणून दाखवलं.

रूबेनबाबा, म्हणजे गावातल्या ज्यू मंडळींची प्रार्थना चालवणारे म्हातारे हज्जान, सिनेगॉगच्या पायरीवर दिव्यांच्या काचा पुशीत बसले होते. शालोमइतका हुशार शिष्य त्यांना मिळाला नव्हता. हे शालोमलाही ठाऊक होतं.

"आणि निनवे?" बाबांनी विचारलं.

"त्याचं वेगळं. ते शहर चाळीस दिवसांत नष्ट होणार होतं. पण राजापासून सगळे पश्चात्तापाने गोणपाट नेसून बसले, आणि देवाला दया आली."

"म्हणजे देवाचं बोलणं खोटं पडलं."

"तसं नाही म्हणता यायचं..."

"तो इशारा देणाऱ्या संदेष्ट्याला तर तसंच वाटलं. रुसून गावाबाहेर जाऊन बसला. शहर कधी कोसळतंय ते बघत."

शालोम हसला. बाबा हसले नाहीत.

"दाऊद कसा आहे?"

शालोमचं हसू मावळलं. दाऊद त्याचा धाकटा भाऊ. 'दर्या खवळलाय, होडी काढू नकोस, फुटेल,' असं शालोमने त्याला बजावलं होतं. दाऊदने काढलीच. होडी खडकावर फुटली आणि त्याचा पाय मांडीत मोडला. त्याला महिना झाला. शालोम एकदाही त्याच्या घरी गेला नव्हता.

"आधी त्याने कबूल करावं," तो म्हणाला. "मी सांगितलं होतं. अक्षर न् अक्षर खरं झालं."

"शालोम, तू कुठे बसलायस?"

"इथे... तुमच्यापाशी."

"गावात, की गावाबाहेर?"

शालोमने एक काच उचलून पुसायला घेतली.

बाबांनी हात पुढे केला. "उठव मला."

गुडघे धरल्यापासून बाबा अंगणापलीकडे गेले नव्हते. शालोमच्या खांद्याचा आधार घेत, दर दहा पावलांवर थांबत, ते दाऊदच्या दारापर्यंत चालत गेले. तिथे पोचल्यावर त्यांनी शालोमला आत ढकललं आणि स्वतः उंबऱ्यातच टेकले.

दाऊद खाटेवर पडून होता. दाढी वाढलेली, गाल बसलेले. भावाला पाहून त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं.

"तू सांगितलं होतंस, दादा..." तो पुटपुटला. "मीच ऐकलं नाही."

ह्याच वाक्यासाठी शालोम महिनाभर अडून बसला होता. आता ते कानावर पडलं आणि त्याला नकोसं झालं.

"मी?" तो म्हणाला. "मी काय सांगितलं होतं? मला तर काही आठवत नाही."

दाऊदने वळून पाहिलं.

"वाराच वाईट होता रे. कुणाचीही होडी फुटली असती." शालोम खाटेवर बसला आणि भावाच्या पायाखालची उशी नीट करू लागला. दाऊदने त्याचं मनगट धरलं, ते बराच वेळ सोडलं नाही.

परतताना वळणावर बाबा धापा टाकत थांबले.

"खोटं बोललास."

"हो, बाबा..."

बाबांनी त्याच्या गालावर हलकी चापट मारली.

"इतकी वर्षं वाचत होतास, शालोम. आज वाचलास."