आज पास तू म्हण

“मास्तर, माझ्यावर भरवसा कवा ठेवणार तुम्ही?”

पेझारकर मास्तर बशीत चहा ओतत होते. त्यांनी मान वर केली नाही.

केरबाचा हा रोजचाच सवाल होता, आज तो आणखीच पेटला. इंजिनाचं दुखणं नुसत्या कानानं ओळखावं तर केरबानं, असं संस्थानच्या त्या विमानाच्या मैदानावर सगळे म्हणत. कुणी म्हणायला विसरलं, तर केरबा स्वतः म्हणे. तरी उड्डाणाआधी ‘पास’ हा शब्द मास्तरांनीच उच्चारायचा, असा तिथला रिवाज होता.

“माझ्या हातचा एक तरी प्लग वर जाऊन मेलाय का? सांगा की.”

“नाही.”

“मग?”

मास्तरांनी चहा संपवला. बशी पुसून कपावर पालथी घातली.

“बरं. आज पास तू म्हण.”

केरबा भांडायच्या तयारीनं आला होता. तो तडक बाहेर निघाला.

विमान बाहेर उभं होतं. इंजिन जुनं, दर सिलिंडरला एकच प्लग. ठिणगी पडली नाही की तो सिलिंडर मेला. आणि आज विमान घाटावरून जाणार होतं, तिथं खाली उतरायला हातभर सपाट जागा नाही.

चालवणार होता एलिया. मास्तरांचा एकुलता एक मुलगा.

प्लग तपासायच्या दोन तऱ्हा होत्या. उघड्या हवेत ठिणगी पाहायची, ही सोपी. दुसरी घाम काढणारी. प्लग लोखंडी भांड्यात बसवायचा, पंपानं आत हवा कोंबायची आणि भांड्याच्या काचेतून पाहायचं. सिलिंडरात असतो तसा दाब आला, की उघड्यावर चमकणारा कच्चा प्लग विझून जातो.

केरबा दोन-चार प्लग भांड्यात घाली आणि बाकीचे उघड्यावर उरकी. आजवर काही बिघडलं नव्हतं. बिघडत नाही म्हणजे आपला हातच तसा, असं त्यानं धरून टाकलं होतं. माणसाला स्वतःबद्दल असलं काही पटायला वेळ लागत नाही.

पंखा फिरला. इंजिन सुरेख चालू झालं. एलियानं हात वर केला आणि शब्दाची वाट पाहत राहिला.

केरबानं सवयीनं मागं पाहिलं.

मास्तर बाकावर बसले होते. हात मांडीवर, उताणे.

ते हात स्वच्छ होते.

रोज सकाळी त्या हातांना मनगटापर्यंत वंगण आणि काजळी असे. ‘मास्तर, पहाटे कोळसा विकता काय?’ अशी केरबा थट्टा करी, मास्तर हसत. असे धुतलेले हात फक्त शनिवारी दिसायचे. तो त्यांचा शब्बाथ, यहुद्यांचा विश्रांतीचा वार. त्या दिवशी ते कामाला शिवत नसत आणि विमानही उडत नसे.

आज बुधवार होता.

केरबानं पुन्हा त्या हातांकडे पाहिलं. प्लग आपण बसवायचे… मग मास्तरांच्या हातांना रोज ती काजळी कुठून यायची?

“मास्तर… रोज सकाळी तुम्ही माझं प्लग काढून परत भांड्यात तपासत व्हता?”

“हो.”

“आणि आज?”

“आज नाही.”

एलियाचा हात वरच होता. सगळे मेकॅनिक केरबाकडे पाहत होते. एक शब्द म्हटला की झालं. प्लग कदाचित चांगलेच असतील. नाही म्हटलं तर चार माणसांत अब्रू जाणार, तीही आजच, मागून घेतलेल्या दिवशी.

“पा…”

शब्द जिभेवर आला आणि तिथंच सुकला.

केरबा धावला. दोन्ही हात आडवे करून तो विमानापुढं उभा राहिला. इंजिन बंद झालं.

“काय झालं रे?” एलियानं विचारलं.

“प्लग… भांड्यात घातलं न्हाईत मी. उघड्यावरच बघितलं.”

ते सगळ्यांनी ऐकलं. कुणी हसलं नाही, आणि तेच त्याला जास्त लागलं.

प्लग पुन्हा काढून शेडमध्ये नेले. केरबा पंप मारत होता, मास्तर काचेला डोळा लावून बसले होते. एक झाला, दुसरा झाला. तिसऱ्याची ठिणगी दाब चढताच बारीक झाली… आणि गेली.

मास्तर बाजूला सरकले. केरबानं काचेतून पाहिलं. आत अंधार होता.

दाराबाहेर एलिया गवतावर बसून शेंगा फोडत होता.

“मास्तर,” केरबानं विचारलं. “मी धावलो नसतो, तर तुम्ही थांबवलंच असतं न्हवं?”

मास्तरांनी बाहेर मुलाकडे पाहिलं.

मग त्यांनी तो मेलेला प्लग काढून केरबाच्या तळहातावर ठेवला.

“तू भरवसा मागितलास. मी दिला.”