पहिली भाकरी काजळ्याची

एकदा काय झालं... थांबा, आधी पाय आत घ्या. ओजस, ताईच्या उशीवर डोकं नाही ठेवायचं, तुला तुझी दिलीय ना? हं. आणि मध्येच कुणी ‘पुढं काय’ म्हणालं, तर गोष्ट इथंच सोडून देईन, सांगून ठेवते.

तर एक होता धनगर. धुळाप्पा त्याचं नाव. त्याची दोनशे मेंढरं, एक घोडी, एक लेक आणि एक कुत्रा. लेकीचं नाव ठकू. आई नव्हती बिचारीला, आठ वर्षांची पोर भाकऱ्या थापायची. नाहीतर तुम्ही! कुत्र्याचं नाव काजळ्या. डोळ्यांच्या कडा काळ्याभोर, कुणी मांडीवर घेऊन काजळ घातल्यासारख्या. गळ्यात लोखंडी काट्यांचा पट्टा. लांडगा पहिल्यांदा कुत्र्याचा गळाच धरतो, बरं का, म्हणून तो पट्टा.

त्यांच्याकडे एक रीत होती. तव्यावरची पहिली भाकरी कुत्र्याची. ठकू ती दगडावर ठेवायची आणि ‘यू यू’ करून हाक मारायची. भुकेनं जीव जात असला तरी आधी काजळ्या, मग माणसं.

दिवाळी झाली की ते मेंढरं घेऊन चाऱ्याच्या मुलखात निघायचे. सगळा संसार घोडीवर. भांडी घोडीवर, कोंबड्या घोडीवर, लहान कोकरंसुद्धा झोळीत घालून घोडीवर. मला तर बाई त्या घोडीचीच दया येते.

एका वर्षी निघायच्या सकाळीच एक मेंढी व्याली. मेंढी दमून पडली, म्हणून काजळ्यानंच ते कोकरू चाटून चाटून स्वच्छ केलं. तोंड रक्तानं माखलं त्याचं. पण हे कुणी पाहिलंच नाही. सगळे बांधाबांधीत. धुळाप्पानं कोकरू एकदा बघितलं, ‘छान झालं’ म्हणाला आणि गेला सामान आवरायला.

मग दुपारी एका ओढ्यावर थांबले. मेंढी ओरडायला लागली. कोकरू कुठाय? झोळीत नाही, कळपात नाही. धुळाप्पाची नजर काजळ्याच्या तोंडावर गेली. अन् त्याचं डोकंच फिरलं! कोकराची चव लागलेला कुत्रा कुणी कळपात ठेवत नाही. त्यानं गळ्यातला पट्टा काढला आणि म्हणाला, “हो चालता!”

काजळ्या थोडा लांब गेला आणि परत आला. धुळाप्पानं ढेकूळ मारलं. मग पुन्हा लांब गेला, पुन्हा आला. पुन्हा ढेकूळ. तिसऱ्यांदा आला तेव्हा ढेकूळ कपाळावर बसलं. मग मात्र तो वळला आणि टेकडीपलीकडे गेला. ठकू रडून रडून अर्धी झाली, पण बापापुढं बोलणार कोण?

दिवस मावळताना तळ पडला. धुळाप्पानं घोडीवरची आपली घोंगडी सोडली. तर आतून “बॅऽ!” अगं बाई! उबेला म्हणून कोकरू घोंगडीत शिरलं होतं, आणि यानं न बघताच घोंगडी उचलून घोडीवर टाकली होती.

“आबा, तुमी त्याला उगाच मारलंत!” ठकू म्हणाली. धुळाप्पानं काजळ्याचा पट्टा तिच्या हातात दिला.

ठकूनं पहिली भाकरी दगडावर ठेवली. ‘यू यू’ केलं. कुणी आलं नाही. भाकरी मुंग्यांनी नेली.

तिकडं काजळ्याला टेकडीवर एक लांडगीण भेटली. पहिल्या दिवशी तो भाकरीची वाट बघत उपाशी राहिला. दुसऱ्या दिवशी तिच्याबरोबर ससा धरायला शिकला. तिसऱ्या पहाटे लांडग्यांनी माना वर करून सूर लावला, तर काजळ्याच्या गळ्यातूनही तसाच सूर निघाला. त्याचा तोच दचकला! इतकी वर्षं तो सूर पोटातच होता, पण तळावर त्याची कधी गरज पडली नव्हती.

ठकू जिथं जाईल तिथं पहिली भाकरी दगडावर ठेवत राहिली. पुढं उन्हाळा सरला, ते माघारी निघाले आणि त्याच ओढ्यावर आले. ठकूनं भाकरी ठेवली. ‘यू यू’ केलं. अन् टेकडीच्या माथ्यावर कोण उभं? काजळ्या! शेजारी ती लांडगीण. ती वरच राहिली, हा एकटा खाली आला. मेंढरं बुजली. पण ते कोकरू, आता चांगलं थोराड झालेलं, सरळ पुढं गेलं आणि त्याचं तोंड हुंगायला लागलं.

धुळाप्पानं डोक्यावरचा पटका काढून त्या कुत्र्यापुढं ठेवला. “चुकलो रं बाबा,” म्हणाला. मग ठकूला म्हणाला, “घाल पोरी त्याचा पट्टा त्याला.”

ठकू पट्टा घेऊन पुढं गेली. काजळ्यानं मान खाली घातली. पूर्वी रोज घालायचा ना, अगदी तशीच. एवढ्यात वरून लांडगिणीनं हाक दिली. काजळ्याचे कान तिकडं वळले, पण मान तशीच खाली.

ते कान ठकूनं पाहिले. तिला किती हवा होता तो, देवालाच ठाऊक! पण तिनं पट्टा आपल्याच खांद्यावर टाकला. भाकरी त्याच्या तोंडात दिली आणि म्हणाली, “जा रं माझ्या राजा.”

त्यानं तिथं एक तुकडासुद्धा खाल्ला नाही. वर नेली आणि अर्धी लांडगिणीला दिली. लांडगीण भाकरी खाते का म्हणे! माझ्या गोष्टीत खाते. मग त्या दिवसापासून धुळाप्पाच्या कळपावर लांडगा कधी आला नाही. मेंढरं वाढली, ठकूचं लग्न झालं, टेकडीवर काजळ-डोळ्यांची पिल्लं झाली. सगळी सुखात राहिली.

ती ठकू म्हणजे माझी आजी. आता तो माळ कुठला, अन् लांडगे कुठले! सगळीकडे घरंच घरं. दाराच्या खिळ्यावर ते काटेरी काय लटकतंय म्हणून विचारत होतात ना, ते हे. आणि सकाळी पहिली भाकरी मी गच्चीच्या कठड्यावर ठेवते. तुमची आई म्हणते, कावळे खातात. खाऊ देत की. कुणी ऐकत नाहीसं बघून मी हळूच ‘यू यू’ करते.

रडतेस कशाला गं? पट्ट्यासाठी त्यानं आपणहून मान खाली घातली होती, एवढं लक्षात ठेव. चला, कोकरू झोपलं, काजळ्या झोपला. आता तुम्हीही डोळे मिटा.