चाकातली मैत्रीण

ऐका हं! पाय पोटाशी, कान गोष्टीशी.

एक होती बिट्टी. लिंबाएवढा पक्षी. अंग पिवळं पिवळं. डोळ्यांभोवती पांढरं गोल, म्हणून सगळे म्हणायचे, "बिट्टी चष्मेवाली!"

विजूआत्याच्या गाडीला होतं चकचकीत चाक. चाकात राहायची बिट्टीची मैत्रीण. तीही पिवळी. तिलाही चष्मा! बिट्टी रोज यायची, टुणुक टुणुक. मान वाकडी करायची. मैत्रीणही मान वाकडी करायची.

एकदा गाडी गेली लांब गावाला. परत आली. बिट्टी धावली, टुणुक टुणुक. बघते तर काय? चाक काळं कुट्ट! मैत्रीण नाहीच!

"अगो बाई! गेली कुठं?" बिट्टीला रडूच आलं.

"चाकदादा, चाकदादा, चमक ना!"

चाक म्हणालं, "कसा चमकू? ब्रेक घासतो, काळी पूड उडते. ती बसली माझ्यावर. नव्या रस्त्याचं डांबर उडालं. तेही चिकटलं चिक्क! मी नाही चमकत जा. ब्रश घासेल, तेव्हा मी चमकेन."

बिट्टी गेली ब्रशाकडे, टुणुक टुणुक.

"ब्रशकाका, ब्रशकाका, घासा ना!
चाक चमकेना,
मैत्रीण माझी दिसेना!"

ब्रश म्हणाला, "खर्र खर्र! कोरडाच घासू? चाकाला ओरखडे पडतील की! मी नाही घासत जा. साबण फेसाळेल, तेव्हा मी घासेन."

बिट्टी गेली साबणाकडे, टुणुक टुणुक.

"साबणभाऊ, साबणभाऊ, फेसाळ ना!
ब्रश घासेना,
चाक चमकेना,
मैत्रीण माझी दिसेना!"

साबण म्हणाला, "पाण्यावाचून कसला गं फेस? मी नाही फेसाळत जा. नळ वाहील, तेव्हा मी फेसाळेन."

बिट्टी गेली नळाकडे, टुणुक टुणुक.

"नळमामा, नळमामा, वाहा ना!
साबण फेसाळेना,
ब्रश घासेना,
चाक चमकेना,
मैत्रीण माझी दिसेना!"

नळ म्हणाला, "टप! टप! चाक बघ कसं तापलंय उन्हात!"

खरंच? बिट्टीने लावला पाय. "हाय हाय! चटका!"

"बघितलंस? गरम चाकावर फेस लगेच वाळतो. डाग पडतात. मी नाही वाहत जा. गाडी सावलीत सरकेल, तेव्हा मी वाहीन."

बिट्टी गेली गाडीकडे, टुणुक टुणुक.

"गाडीताई, गाडीताई, सरक ना!
नळ वाहेना,
साबण फेसाळेना,
ब्रश घासेना,
चाक चमकेना,
मैत्रीण माझी दिसेना!"

गाडी म्हणाली, "पींऽ पींऽ! आपली आपण कशी सरकू? मी नाही सरकत जा. आत्या उठेल, तेव्हा मी सरकेन."

बिट्टी गेली विजूआत्याकडे, टुणुक टुणुक. आत्या बसली होती ओट्यावर.

"आत्या, आत्या, ऊठ ना!
गाडी सरकेना,
नळ वाहेना,
साबण फेसाळेना,
ब्रश घासेना,
चाक चमकेना,
मैत्रीण माझी दिसेना!"

आत्या म्हणाली, "शूऽऽ! हळू गं बाई! गुंड्या बोका झोपलाय मांडीवर. पायाला मुंग्या आल्यात माझ्या! पण झोपलेल्याला उठवू नये. मी नाही उठत जा. बोका उठेल, तेव्हा मी उठेन."

बोका? बाप रे!

बोक्याला मिशा. बोक्याला नखं. बोका घोरतोय, घुर्रर्र घुर्रर्र. आणि बिट्टी? लिंबाएवढी!

बिट्टीचं काळीज धडधड धडधड. पळावं का? पण मग मैत्रीण कुठली? बिट्टी गेली पुढे. हळूच. टुणुक. अगदी हळूच. टुणुक. बोक्याच्या कानाशी गेली. एवढ्याशा आवाजात म्हणाली,

"बोकोबा, बोकोबा, उठा ना!
आत्या उठेना,
गाडी सरकेना,
नळ वाहेना,
साबण फेसाळेना,
ब्रश घासेना,
चाक चमकेना,
मैत्रीण माझी दिसेना!"

बोका म्हणाला, "घुर्रर्र."

आता आली का पंचाईत! मग बिट्टीने काय केलं? बोक्याच्या शेपटीला चोच मारली. टुक्!

"म्यँऽऽव!" बोक्याने मारली उडी. बिट्टी उडाली भुर्रर्र!

"सुटले गं बाई!" आत्या म्हणाली.

बोका उठला, तशी आत्या उठली.
आत्या उठली, तशी गाडी सरकली. घर्रर्र! थेट बदामाच्या झाडाखाली.
चाक झालं गार गार, तसा नळ वाहिला. धो धो!
नळ वाहिला, तसा साबण फेसाळला. बुड बुड!
साबण फेसाळला, तसा ब्रश घासू लागला. खसाखसा!

काळी पूड वाहून गेली. बिट्टी बघते तर काय? मैत्रीण आली! पण अर्धीच. तिच्या तोंडावर डांबराचा मोठ्ठा ठिपका!

"आत्या गं, हिला चोचच नाही!"

ब्रश घासून घासून दमला. डांबर ढिम्म हलेना.

आत्या म्हणाली, "भारी हट्टी आहे हं! याला तेलच पाहिजे."

आत्याने आणलं खोबरेल तेल. ठिपक्यावर लावलं. "आता जरा थांबायचं. घाई नाही करायची."

बिट्टी थांबली. या पायावर थांबली. त्या पायावर थांबली. डांबर झालं मऊ मऊ. आत्याने फडक्याने पुसलं. सुळ्ळकन! पुन्हा थोडा फेस, पुन्हा थोडं पाणी.

चाक चमकलं लख्ख!

मैत्रीण आली! अख्खी आली! चष्मा आहे, चोच आहे, सगळं आहे!

बिट्टी म्हणाली, "अगं, होतीस कुठं?"

मैत्रिणीनेही तेव्हाच चोच उघडली.

"थांब, आधी माझं ऐक!"

मैत्रिणीनेही तेव्हाच चोच उघडली.

दोघी बोलतायत, दोघी बोलतायत. बदामाची सावली सरकली तरी बोलतायत. मग ऐकलं कोणी?

कोणीच नाही! मैत्रिणींचं असंच असतं बाळा.