फणसाच्या वाशाची चीर

लाकडाला अजून बोलता येत होतं तेव्हाची गोष्ट. एका कौलारू शाळेवर सोलर पॅनल तिरके बसवायचे ठरले. छप्पर किती भार सोसेल ते बघायला लवू मेस्त्री माळ्यावर चढला. हातोडीने एकेका वाशाला टकटक करून तो विचारू लागला, "काय रे, किती झेपेल?"

"दोन रेडे चढव!" ऐनाचा वासा म्हणाला.

"मला तीन!" शेजारचा आंब्याचा गरजला. मेस्त्री हसत फळीवर खडूने आकडे मांडत गेला.

मग फणसाच्या वाशाची पाळी आली. गाठीजवळ त्याला आतून चीर होती. खरं बोललो तर चुलीत जाणार, या विचाराने तो हबकला. पण खाली मुलं पाढे म्हणत होती. ती ऐकून त्याला राहवेना. "मेस्त्री, मला चीर आहे. कौलं कशीबशी तोलतो. वर पॅनल आले आणि त्यांच्याखाली वारा शिरला, तर मी मोडेन."

बाकीचे वासे खदखदून हसले. मेस्त्री मात्र हसला नाही. "बरं झालं बोललास. तुला खालून टेकू देतो आणि पॅनलचे पाय भिंतीजवळ घेतो," असं म्हणून त्याने वाशाच्या गाठीवरून मायेने हात फिरवला.

मग ऐनाचा वासा हळूच म्हणाला, "मेस्त्री, माझं डावं टोक गळतीनं कुजलंय."

"मला वाळवी लागलीय," आंब्याचा पुटपुटला.

लवू मेस्त्रीने फळीवरचे सगळे आकडे बाहीने पुसले आणि पहिल्यापासून गणित मांडायला बसला.